शिरीषाखालचा दगड

मुलुंड पूर्व,
१२ जानेवारी २०२५

गंधाली,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतोय. मिळालंच नाही असं म्हणायची सोय तुला ठेवलेली नाही. फोन केला की तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतेस. व्हॉट्सअ‍ॅपवर तुला लिहिलेला मेसेज मागे सेक्रेटरी धवलने मलाच जिन्यात वाचून दाखवला. तो त्याच्यापर्यंत कसा पोचला याची चौकशी मी अजून सोडलेली नाही. धवल म्हणतो, मीच चुकून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. म्हणू दे.

गेल्या रविवारच्या सभेत मी जे बोललो ते मागे घ्यायला हे पत्र नाही. तू पडद्यावर तुमच्या कंपनीच्या बावीस मजल्यांची चित्रं दाखवत होतीस. गच्चीवर बाग, भिंतीवर बाग, पार्किंगच्या डोक्यावर बाग. आणि खिडकीबाहेर आपला खरा शिरीष वाळत उभा. मी उठलो आणि विचारलं, 'याला काय घातलंत?' सोसायटीची बत्तीस घरं माझ्याकडे वळली. तू म्हणालीस, 'बाबा, प्लीज.' मी म्हणालो, 'इथे बाबा नको. बिल्डरच्या आर्किटेक्ट म्हणून उत्तर द्या. झाडाला विष घालून मग नकाशा दाखवायला आलात ना?' तू लॅपटॉप मिटलास आणि चहा न घेता गेलीस. निघून जाणं हे उत्तर नाही.

चौतीस वर्षं मी पाणी खात्यात जमिनीखालच्या गळत्या शोधल्या. रस्त्यावर दांडा टेकवायचा, त्याला कान लावायचा आणि खाली पाणी कुठे पळतंय ते ऐकायचं. लोक म्हणायचे, इथे काही नाही साहेब, आणि नेमकं तिथेच असायचं. त्यामुळे 'पानगळ आहे काका, टेन्शन नका घेऊ यार' असं धवल म्हणाला तेव्हाच मला संशय आला. धवल सीए आहे, झाडांचा डॉक्टर कधी झाला? पानगळीत पानं गळतात, फांद्या शेंड्यापासून काळ्या पडत नाहीत.

२८ डिसेंबरला तुमची माणसं मातीची तपासणी म्हणून फाटकाजवळ भोक पाडून गेली. भोकात काय ओतलं, हा माझा साधा प्रश्न आहे. गुणाजी म्हणतो झाड नोव्हेंबरपासूनच सुकतंय. पण आपला वॉचमन भला माणूस असला तरी त्याला चष्मा लागलाय.

बाकी ठीक. गेल्या जूनमध्ये शिरीषाखाली देव निघाला तो तू आलीस तेव्हा पाहिलासच. शेंदूर लावलेला दगड. बहुतेकांच्या मते मारुती. गुणाजीच्या मते राखणदार, त्याच्या कणकवलीकडे प्रत्येक जागेला एक असतो तसा. लोकांचं काय, कुठेही हात जोडतात. पण एक खरं, तेव्हापासून तुमचे सर्व्हेवाले झाडाला टेप लावण्याआधी चपला काढतात. त्याची मला गंमत वाटते.

उत्तर लेखी दे.

तुझा बाप,
नंदकिशोर


मुलुंड पूर्व,
२ फेब्रुवारी २०२५

गंधाली,

नकाशा मिळाला. सोबत एका ओळीची चिठ्ठीही नाही. बापाला काय लिहावं ते सुचलं नसेल, किंवा वकिलाने लिहू नको म्हणून सांगितलं असेल.

मी मोजपट्टी घेऊन बसलो. गेल्या मेमधल्या तुमच्या पहिल्या नकाशात झाड नव्हतं, तिथे गाड्यांचा उतार होता. या नकाशात झाड आहे आणि इमारत साडेचार मीटर मागे सरकली आहे. झाडाला तू रेन ट्री लिहिलंयस. आपण याला शिरीष म्हणतो, निदान घरात तरी म्हणायचो. मला एवढंच सांग, साडेचार मीटर जागा बिल्डर कशी सोडेल? दाखवायचा नकाशा एक आणि बांधायचा दुसरा, हे मी खात्यात असताना पुष्कळ पाहिलंय. किंवा झाड मरणार हे ज्याला ठाऊक आहे तो नकाशात ते खुशाल ठेवू शकतो. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटलं नाही, पण खोडणार नाही.

मी आता रोज सकाळी गॅलरीत वही घेऊन बसतो. झाडाजवळ कोण येतं, काय करतं, सगळं टिपतो. कालचं उतरवून देतो. सात दहा, शेजारची जानकी, तांब्याभर पाणी आणि उदबत्ती. सात वीस, शांताबाई तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून नारळ खाली सोडतात, गुणाजी तो फोडतो, पाणी देवावर. साडेसात, धवल, तेलाचा दिवा. पावणेआठ, गुणाजी बाटलीतून पांढरं काहीतरी ओतताना दिसला. मी चप्पल न घालता खाली धावलो आणि बाटली हिसकावली. दूध होतं. तो म्हणाला, 'साहेबानू, तुमका व्हया तर पियात.'

माती तपासायला पाठवली आहे. खात्याच्या प्रयोगशाळेत अजून एक ओळखीचा आहे. माती बाहेरून घ्यावी लागली. बुंध्याजवळ जागाच नाही, दसऱ्याला लोकांनी चांगला कंबरेएवढा ओटा बांधलाय, वर पांढऱ्या लाद्या, पायऱ्या, स्टीलचं रेलिंग. छान दिसतो. ओटा झाल्यावर धवल स्वतः म्हणाला की आता कुठलाही बिल्डर इथे हात लावायला दहा वेळा विचार करेल.

शांताबाईंना मात्र लिफ्ट हवी आहे. दोन वर्षं त्यांचा पाय जमिनीला लागलेला नाही. टॉवरच्या बाजूने सगळ्यात आधी सही त्यांचीच आहे आणि देवाला रोज नारळही त्यांचाच. मला हे गणित सुटत नाही.

नंदकिशोर


मुलुंड पूर्व,
९ मार्च २०२५

गंधाली,

तुझं पत्र वाचलं. पहिलं वाक्य तीनदा वाचलं. 'मी विष घातलं असं खरंच वाटत असेल तर पोलिसात जा, मी येऊन जबाब देईन.' तुझा चिडल्यावरचा आवाज मला कागदातून ऐकू आला.

मातीचा अहवाल आला. अ‍ॅसिड नाही, मीठ नाही, तणनाशक नाही. आधी वाटलं, ओळखीच्याला कुणी गाठलं असेल. मग आठवलं, त्याला निवृत्त व्हायला सहा महिने आहेत आणि तो आयुष्यात कुणाला गाठू देणारा नव्हता.

तुझ्या दुसऱ्या मुद्द्यावर येतो. तू लिहितेस, 'तुम्ही बत्तीस घरं स्टेशनजवळ तीन मजल्यांत सावलीत बसलात, म्हणून आमच्यासारखे बदलापूरपुढे जातात. तिथे आमच्या घरांसाठी डोंगर कापतात. इथे शंभर घरं मावली तर तिथलं शंभर घरांचं रान वाचतं. शहराने वर जायचं, पसरायचं नाही, यावर माझा विश्वास आहे. नोकरी आहे म्हणून नाही.' हिशेब चोख आहे. फक्त इथे शंभर घरं वाढली म्हणून तिकडे शंभर कमी झालेली मी अजून पाहिलेली नाहीत. दोन्हीकडे वाढलेलीच पाहिली. आणि विसाव्या मजल्यावरच्या कुंडीत तू जे लावणार ते झाड नव्हे, ते माळ्याचं बिल आहे. खाली जमीन लागते, पोरी. पण विश्वास आहे म्हणालीस ते मी मानतो. तुझ्यात खोटं बोलायची ताकद नव्हती, परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही नव्हती.

तू पाठवलेली रेवती शनिवारी आली. वृक्षतज्ज्ञ म्हणून कार्ड दिलं. तुझ्या कॉलेजची, म्हणजे तुझ्याच बाजूची, हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, 'काका, मी झाडाच्या बाजूची. चहा चालेल.' तिने वर बघितलंच नाही. मी फांद्या दाखवत होतो आणि ही बाई ओट्याभोवती फिरत होती. लाद्यांवर बोटाने टकटक करून कान लावला. ते बघून मला जरा धक्का बसला. माझंच काम ते.

मग विचारलं, 'ओटा कधी बांधला? पाया किती खणला?' गुणाजीने सांगितलं, दोन फूट. मांडीएवढी मुळं आडवी आली, ती कोयत्याने तोडली, मग आत डबर आणि सिमेंट. रेवतीने लादीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, 'विष कुणी घातलेलं नाही, काका. याची मुळं तोडलीत आणि उरलेली कोंडलीत. वर रोज दूध, तेल, नारळाचं पाणी, ते आत कुजतंय. ओटा ताबडतोब फोडा. सगळा. बुंध्यापासून तीन मीटर माती मोकळी करा. पावसाळ्याआधी झालं तर कदाचित वाचेल.'

जाताना तिने आणखी एक सांगितलं. तुझ्या साहेबांशी आठ महिने भांडून तू ती इमारत मागे सरकवलीस, आणि त्यापायी तुझं प्रमोशन गेलं. हे तू मला का लिहिलं नाहीस? मी विश्वास ठेवला नसता, म्हणून ना?

बाबा


मुलुंड पूर्व,
३० मार्च २०२५

प्रिय गंधाली,

आज पाडवा. जानकीने श्रीखंड आणून दिलं, ते फ्रीजमध्ये तसंच आहे. तीन आठवडे तुला पत्र लिहिलं नाही. लिहायला बसलो की पहिल्या ओळीनंतर थांबत होतो. आज लिहूनच टाकतो.

तो दगड मी ठेवला.

गेल्या मेमध्ये तू पहिला नकाशा घेऊन आलीस, त्यात शिरीष नव्हता. सगळे टाळ्या वाजवत होते. माझं कुणी ऐकेना. कोर्टाची भाषा केली तर धवल म्हणाला, 'काका, एका झाडासाठी?' तेव्हा मला वाटलं, माणसाला घाबरत नाहीत ना, मग ज्याला घाबरतात ते आणून ठेवतो. तुळशीपाइप रोडला माझ्या खात्याचं एक काम चालू होतं, त्या खड्ड्यातला एक गोल काळा दगड मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आठवण म्हणून आणला होता. तू त्यावर लहानपणी अक्रोड फोडायचीस. पूर्वेच्या बाजारातल्या पूजासाहित्याच्या दुकानातून शेंदूर घेतला. दुकानदाराने विचारलं, मारुतीला का? मी हो म्हणालो. तेलात कालवला, दगडाला फासला, आणि पहाटे साडेपाचला दूधवाला यायच्या आत शिरीषाच्या बुंध्याशी ठेवून आलो. कुणी पाहिलंच तर खरं वाटावं म्हणून हातही जोडले.

मी. ज्याने लग्नानंतर घरात सत्यनारायण होऊ दिला नाही तो मी. तुझ्या आईचा देव्हारा मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ढकलला होता. उत्तरा स्टुलावर चढून रोज दिवा लावायची, आणि मी पेपरमागून तिची थट्टा करायचो. ती असती तर त्या सकाळी मला बघून काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे, आणि ते मी तुला सांगणार नाही.

सुरुवातीला मला फार मजा आली. आठवड्याभरात हार पडला. पंधरा दिवसांत घंटा आली. तुमचे सर्व्हेवाले चपला काढू लागले तेव्हा तर मी गॅलरीत बसून पोट धरून हसलो. ओट्याची वर्गणी काढली तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. मी वर्गणी दिली. पाया खणताना मुळं तोडली, तो आवाज मी वरून ऐकला. चौतीस वर्षं जमिनीखालचं ऐकलं आणि तो आवाज मात्र ऐकून खिडकी लावली.

आणि मग फांद्या वाळायला लागल्यावर मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तुझी कंपनी, धवल, ड्रिलवाले, गुणाजीची बाटली, सगळ्यांवर संशय घेतला. दसऱ्यापासून मनात एक जागा होती जिथे मी दांडा टेकवत नव्हतो. टेकवला असता तर आवाज आला असता. हे मी जाणूनबुजून केलं असं नाही. पण अजाणतेपणी केलं असंही लिहिता येत नाही.

रेवती म्हणते पावसाळ्याआधी. म्हणजे दोन महिने. ओटा फोडायचा तर सोसायटीला सांगावं लागेल की देव खोटा आहे. देव गेला की बिल्डरपुढची शेवटची अडचण गेली. झाड वाचवायचं तर झाडाचा पहारा काढायला हवा, अशी माझी गत झालीय. आणि खरं सांगू, त्याहून मोठी भीती वेगळी आहे. बत्तीस घरं मला हसतील. तू हसशील.

बाबा


मुलुंड पूर्व,
१४ एप्रिल २०२५

प्रिय गंधाली,

तुझं दोन ओळींचं पत्र आलं. 'हसले नाही. सभेत सांगा.' बरं झालं एवढंच लिहिलंस.

शनिवारी हनुमान जयंती होती. सगळे झाडाखाली जमले होते, आरती झाली, सुंठवडा वाटला. मी म्हटलं, दोन मिनिटं बोलायचंय. आणि बोललो. दगड कुठला, शेंदूर कुठल्या दुकानातला, किती वाजता ठेवला, सगळं. रेलिंगला धरून उभा होतो. मग म्हणालो, 'आणि माझ्या मुलीने विष घातलं असं मी याच लोकांसमोर बोललो होतो. ते खोटं होतं. झाडाला मी मारतोय.'

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

कुणाचाच विश्वास बसला नाही गं. धवल पुढे आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'काका, समजतं आम्हाला. मुलगी आहे शेवटी. तिने सांगितलं असेल, देव हटवला की प्रोजेक्ट क्लिअर. पण असं खोटं नका बोलू ना, यार, देवासमोर.' मी म्हणालो, 'अरे, प्रोजेक्ट तुलाच हवाय!' तर म्हणतो, 'मला प्रोजेक्ट पण हवाय आणि मंदिर पण. बिल्डर पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, संगमरवराचं बांधून देतोय, बोलणं झालंय.' जानकी डोळे पुसत होती, म्हणाली, 'एकटे राहून राहून असं होतं माणसाला.' मागून कुणीतरी म्हणालं, बापाला फोडला. कोण ते कळलं नाही. आवाज मी ओळखून काढेन.

शांताबाई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ऐकत होत्या. त्यांनी वरूनच आवाज दिला, 'भावजी, ठेवला असेल हो तुम्ही! पण ठेवायची बुद्धी कुणी दिली?' आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, आज एकदाच खरं बोललो, तर बत्तीस घरांना माझाच संशय आला.

गुणाजी कोपऱ्यात उभा होता. एक शब्द बोलला नाही. माझ्याकडे बघत मात्र होता.

बाबा


मुलुंड पूर्व,
११ मे २०२५

प्रिय गंधाली,

झाडावर नोटीस ठोकली आहे. कमिटीने पालिकेत अर्ज दिला होता की झाड मेलंय, पावसाळ्यात पडेल, तोडायची परवानगी द्या. सात दिवसांत हरकत घ्यायची. मी पहिल्याच दिवशी घेतली. हरकतीचं कारण म्हणून अडीच पानं लिहिली. सभेत बोललो तेच, पण तारखा आणि मापांसह, खाली सही आणि माझा जुना कर्मचारी क्रमांक. नक्कल सोबत जोडतोय. माणसं नाही तर नाही, फाइल तरी विश्वास ठेवेल असं वाटलं.

शुक्रवारी उद्यान खात्याचे साहेब आले. तरुण मुलगा, फार बोलला नाही. चाकूने तीन ठिकाणी साल खरवडली, दोन ठिकाणी आत हिरवं निघालं. म्हणाला, 'झाड जिवंत आहे. तोडायची परवानगी नाही. बुंध्याभोवती सिमेंट चालत नाही, ओटा पंधरा दिवसांत काढा.' धवलने देवाचं सांगितलं. तो म्हणाला, 'देव बाजूला ठेवा, ओटा काढा.' आणि सही करून गेला.

आता अडचण अशी की देव बाजूला ठेवणार कोण? मजूर दोनदा येऊन परत गेले. धवल म्हणतो आमच्यात असं उचलत नाहीत. मी पुढे झालो तर लोक आडवे उभे राहिले. म्हणे, काकांनी हात लावला तर पाप लागेल. ज्याने आणून ठेवला त्यालाच मनाई!

संध्याकाळी फाटकापाशी गुणाजीजवळ बसलो. म्हटलं, तुझा तरी माझ्यावर विश्वास आहे का? तो तंबाखू मळत म्हणाला, 'तुमी धोंडो ठेवताना मी बघलंय तुमका. माझी रातपाळी होती ना.' मी ओरडलोच, 'मग गधड्या, सभेत का नाही बोललास?' म्हणाला, 'माका कोन इचारता? आनी साहेबानू, तुमी हात जोडल्यात. ते हात खोटे कशे म्हणू?'

मी म्हणालो, ते नाटक होतं. तो म्हणाला, 'तुमचा नाटक तुमका म्हायत. माका जा दिसला ता दिसला.' त्याने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. शेवटी म्हणाला, 'देवाक उचलूक नाय लागणा. देवाक सांगूक लागता. आमच्याकडे गाऱ्हाणा घालतत. आयतवारी घालूया.' मी विचारलं, त्याने काय होणार? तो म्हणाला, 'तुमी नुसते उबे ऱ्हवा.'

यात त्याचा काय डाव आहे, हा विचार माझ्या डोक्यात आला. लपवत नाही. सवय आहे, एका महिन्यात जात नाही.

बाबा


मुलुंड पूर्व,
१८ मे २०२५

प्रिय गंधाली,

आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. खाली अजून ब्रेकरचा आवाज चालू आहे. अक्षर घाईचं आहे, समजून घे.

सकाळी सगळे जमले. गुणाजीने खाकी शर्ट काढून पांढरा घातला होता. ओट्यावर पान, सुपारी, नारळ मांडला. आजवर या माणसाला आम्ही फाटक उघड, पंप लाव, एवढंच सांगत आलो. आज तो पुढे उभा होता आणि बत्तीस घरं मागे. त्याने डोळे मिटून खणखणीत आवाजात सुरू केलं.

'बा राखणदारा म्हाराजा! ह्या जाग्याचो तू धनी. आमी तुका हय बसवलाव, तुझ्यावर छप्पर करूक गेलाव, आनी ज्या झाडान तुका सावली दिली तेचोच गळो दाबलाव. आमका समाजला नाय. ह्यो अपराध पदरात घी, आनी वायच बाजूक सर रे म्हाराजा!'

कोकणातली चार-पाच घरं आहेत, ती एकदम म्हणाली, 'व्हय म्हाराजा!' जानकीही म्हणाली. वर खिडकीतून शांताबाईंचा आवाज तर सगळ्यांत मोठा. इतकी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं की त्या मालवणच्या.

'ह्या झाड जगांदे. पोराटोरांका, पाखरांका सावली ऱ्हवांदे. लिफ व्हयी तेका लिफ गावांदे, झाड व्हया तेका झाड गावांदे. दोनव गोष्टी जुळान येवंदेत रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!' या वेळी धवलही. त्याला एक शब्द कळला नसेल, पण म्हणाला.

मग गुणाजी थांबला. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा मिटले.

'आनी ह्यो म्हातारो. ह्येणा तुका हय हाडलो. खऱ्यान हाडलो काय खोट्यान, तां तू बघून घी. पन हेणा आपल्या चेडवार आळ घेतलो, आनी चेडू घराक येणा बंद जाला. ह्येची चूक तुझ्या पायाकडे ठेवतंय. चेडवाच्या मनातलो राग निवळांदे, तेची पावला ह्या दाराक लागांदेत रे म्हाराजा!'

गंधाली, चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे तू. मी ठरवून गेलो होतो की नुसता उभा राहीन. मला त्या दगडाचा सगळा इतिहास ठाऊक आहे, कुठल्या खड्ड्यातून आला तेही. पण सगळे थांबले होते. त्या ओळीला कुणीच होकार दिला नाही, शांताबाईंनीसुद्धा नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण ती माझी होती. आणि माझ्या तोंडून निघालं, 'व्हय म्हाराजा.' नीट निघालं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणालो.

त्यावर बत्तीस घरं म्हणाली, 'व्हय म्हाराजा!'

गुणाजीने दगडाला हात लावला, मग माझा हात धरून त्यावर ठेवला. दोघांनी मिळून उचलला. कुणी आडवं आलं नाही. सध्या तो फाटकाजवळ, उघड्यावर, मातीत आहे. त्याला पुन्हा ओटा बांधायचा नाही असं गुणाजीने सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय, आणि ते मी वहीत लिहून तेवीस जणांच्या सह्या घेतल्यात. उरलेल्या नऊ घरांवर माझी नजर आहे.

पहिल्या लाद्या निघाल्या तेव्हा खालून सडका वास आला. रेवती गुडघ्यावर बसून हाताने माती मोकळी करतेय. जगेल का विचारलं तर म्हणाली, अर्धं जगेल, अर्धं कापावं लागेल, पावसाळ्यानंतर कळेल.

तुमच्या टॉवरबद्दल माझं मत बदललेलं नाही. पोडियमवरची बाग मला अजून फसवणूक वाटते. पण शांताबाईंना खाली यायला हवं, हेही आज मला पटलं. नकाशा टेबलावर पसरून तुझ्याशी एकेका रेषेवर भांडायचंय. पत्रातून ते होत नाही.

माझ्यासाठी बत्तीस घरांनी आज देवाकडे एक मागणं मागितलं. तो दगड ते पुरं करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते एकट्या तुझ्याच हातात आहे, म्हणून तुलाच विचारतो.

येशील का?

तुझा,
बाबा